पावसाचा दहावा, विहिरीचा विसावा : इस्लाममधील ईश्वरविचार आणि रोजचा आचारधर्म

इस्लामचा सारा धर्मविचार ‘तौहीद’ या एका शब्दावर उभा आहे. ‘देव एक आहे’ एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो अपुरा पडतो. तौहीद म्हणजे अल्लाह एक आहे, त्याला भागीदार नाही आणि सृष्टीतल्या कोणत्याही वस्तूशी त्याची तुलना होऊ शकत नाही, ही श्रद्धा. कुराणाचा 112 वा अध्याय, सूरह इख्लास, अवघ्या चार आयतींचा आहे. ईश्वराचे एकत्व, त्याचे निरवलंबित्व, जन्म आणि अपत्य या नात्यांपलीकडचे त्याचे असणे आणि त्याची अतुलनीयता हे चार मुद्दे त्यात येतात. या एकत्वात दुसऱ्या कोणाला वाटेकरी करणे म्हणजे ‘शिर्क’. इस्लाममध्ये याहून मोठे पाप नाही.

या श्रद्धेतून एक अवघड प्रश्न निघतो. अल्लाहसारखे काहीच नसेल, तर माणसाच्या भाषेत त्याच्याविषयी बोलायचे कसे? परंपरेने त्याची 99 नावे सांगितली आहेत. रहमान म्हणजे दयाळू, रज्जाक म्हणजे अन्न देणारा, बसीर म्हणजे पाहणारा. कुराणात ईश्वराच्या हाताचा आणि त्याच्या सिंहासनाचाही उल्लेख येतो. हे शब्दशः घेतले तर देव माणसासारखा होतो, आणि नाकारले तर ग्रंथाचा शब्द नाकारला जातो. मुअतजिला पंथाच्या विचारवंतांनी असे उल्लेख रूपकात्मक मानले. अहमद इब्न हंबल यांच्या अनुयायांनी ते जसेच्या तसे स्वीकारले, मात्र ‘कसे’ हा प्रश्न विचारायचा नाही अशी मर्यादा घातली. दहाव्या शतकात अबुल हसन अशअरी आणि समरकंदचे अबू मन्सूर मातुरीदी यांनी मधली वाट काढली. ईश्वराचे गुण खरे आहेत, पण ते माणसाच्या गुणांच्या जातीचे नाहीत, असे त्यांचे म्हणणे. हनफी आणि शाफई हे सुन्नींचे दोन मजहब, म्हणजे आचारनियमांच्या परंपरा. मराठवाड्यातल्या हनफी सुन्नी मुसलमानांच्या श्रद्धाविचाराला मातुरीदींचा आधार आहे, तर कोकणातल्या शाफईंच्या श्रद्धाविचाराला अशअरींचा.

या वादाची धग किती होती, हे इ. स. 833 च्या घटनेवरून कळते. कुराण निर्माण झालेले आहे की अनादी, या प्रश्नावर अब्बासी खलिफा मामून याने राजसत्तेच्या बळावर एकच उत्तर लादले. अहमद इब्न हंबल यांनी ते मान्य केले नाही. त्यांनी तुरुंगवास सोसला, पुढच्या खलिफाच्या काळात फटकेही खाल्ले. सुन्नी परंपरेने अखेर खलिफाला नाकारून इब्न हंबलांचा पक्ष उचलला. श्रद्धेचा अर्थ ठरवण्याची मक्तेदारी गादीवर बसलेल्या माणसाकडे नाही, हा धडा त्या परंपरेने तेव्हापासून गाठीशी बांधला.

दख्खनमधला ईश्वरविचार

मराठी वाचकाला तौहीद समजून घेताना निर्गुण भक्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. देव निराकार आहे, इथपर्यंत दोन्ही वाटा जवळून जातात. फरक पुढे पडतो. अद्वैतात जीव आणि ब्रह्म अखेर एकच ठरतात, तर तौहीदमध्ये निर्माता आणि निर्मिती यांच्यातली रेषा पुसली जात नाही. माणूस कितीही चढला तरी तो ‘बंदा’च राहतो.

सूफींनी ही रेषा शक्य तितकी बारीक केली. इब्न अरबी (1165–1240) यांच्या विचारातून ‘वहदत-उल-वजूद’ म्हणजे अस्तित्वाचे एकत्व ही मांडणी पुढे आली. खरे अस्तित्व एकट्या ईश्वराचे, बाकी सारे त्याचे प्रकटीकरण, असा तिचा आशय. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) इब्न अरबींच्या विचाराचे समर्थक होते. त्यांनी अरबीत कुराणाचे भाष्य लिहिले आणि शाफई आचारधर्मावरही ग्रंथरचना केली. ईश्वराच्या स्वरूपाचे चिंतन आणि वुजू (नमाजाआधीची शुद्धी) व नमाजाचे नियम हे दोन्ही विषय एकाच कोकणी विद्वानाने हाताळले. इस्लाममध्ये हे दोन विषय वेगळ्या कप्प्यांत ठेवलेले नाहीत, याचे इतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण.

गोदाकाठी ही चर्चा मराठीत झाली. पैठणच्या एकनाथांच्या ‘हिंदू-तुर्क संवाद’ या रचनेत मूर्ती, देवाचे सर्वव्यापीपण आणि उपासनेची रीत यांवर दोघे कडाक्याने भांडतात आणि शेवटी त्यांचा समेट होतो. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओवीत लिहिला. जन्माने मुसलमान असलेल्या या संतकवीने निराकार ईश्वराविषयी मराठी भक्तिपरंपरेच्या शब्दांत लिहिले.

तौहीदचा सगळ्यात जवळचा वाद मात्र मुसलमानांचा आपसातलाच आहे, आणि तो दर्ग्याच्या उंबरठ्यावर घडतो. खुलताबादला 1337 मध्ये वारलेल्या बुरहानुद्दीन गरीब यांच्यापासून दख्खनमध्ये दर्ग्यांची मोठी परंपरा उभी राहिली. वलीच्या, म्हणजे संताच्या, कबरीवर चादर चढवून त्याच्या ‘वसिल्या’ने, म्हणजे मध्यस्थीने, अल्लाहकडे मागावे का? बरेलवी विचाराचे उलेमा, म्हणजे धर्मविद्वान, ‘हो’ म्हणतात. देणारा अल्लाहच आहे, वली केवळ त्याच्या जवळचा, ही त्यांची बाजू. देवबंदी आणि अहले हदीस उलेमांना तिथल्या अनेक प्रथांत शिर्काचा धोका दिसतो. दोन्ही बाजू तौहीदचाच कैवार घेतात. एकत्व दोघांनाही मान्य आहे, मतभेद त्याच्या आकलनात आहे.

आज्ञा देवाची, आकलन माणसाचे

ईश्वर एकच असेल तर अंतिम आज्ञाही त्याचीच. इथून ‘शरीयत’ सुरू होते. शरीयत या अरबी शब्दाचा एक जुना अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट असा आहे. ही वाट ईश्वराने दाखवलेली. ती प्रत्यक्षात कुठून कशी जाते, हे शोधण्याच्या मानवी प्रयत्नाला ‘फिक्ह’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थच ‘समज’ असा आहे. रोजच्या बोलण्यात हे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले जातात आणि पुष्कळसा गोंधळ तिथेच सुरू होतो.

फिक्हचे चार आधार मानले जातात : कुराण, पैगंबरांचा परिपाठ म्हणजे सुन्नत, विद्वानांचे एकमत म्हणजे इज्मा आणि साम्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे कियास. या आधारांवर माणसाच्या कृतींची वर्गवारी होते. काही कृती अनिवार्य, काही इष्ट, काही मोकळ्या, काही टाळाव्यात अशा आणि काही निषिद्ध. निषेधाचा पुरावा नसेल तर ऐहिक व्यवहारातली गोष्ट मूलतः मोकळी समजावी, हे तत्त्व बहुतेक फकिहांनी, म्हणजे फिक्हच्या विद्वानांनी, मानले आहे.

हे काम करणाऱ्यांनी स्वतःच्या मताला ईश्वरी मताचा दर्जा दिला नाही. इराकातल्या कुफ्याचे कापडव्यापारी इमाम अबू हनीफा (699–767) यांचे दोन प्रमुख शिष्य अबू युसुफ आणि मुहम्मद शैबानी असंख्य प्रश्नांवर गुरूपेक्षा वेगळे बोलले, आणि तिघांची मते हनफी ग्रंथांत शेजारी शेजारी नोंदली गेली. इमाम शाफई (767–820) इराकातून इजिप्तला गेल्यावर त्यांनी आपली अनेक मते बदलली. त्यांचे ‘जुने मत’ आणि ‘नवे मत’ असे दोन संच आजही अभ्यासले जातात. प्रामाणिकपणे विचार करून निवाडा देणाऱ्याचे चुकले तरी त्याला पुण्याचा एक वाटा मिळतो आणि बरोबर आले तर दोन, अशा आशयाची हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, या साऱ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे.

महाराष्ट्रात याचा नकाशाच मांडता येतो. कोकणचा संबंध अरबी समुद्रावरच्या व्यापारामुळे अरबस्तानच्या किनाऱ्याशी आला, म्हणून कोकणी मुसलमान मुख्यतः शाफई. मराठवाड्यात इस्लामी विद्या प्रामुख्याने दिल्लीच्या वाटेने आली, म्हणून तो हनफी. औरंगजेबाने उलेमांच्या मंडळाकडून ‘फतावा-ए-आलमगिरी’ हा हनफी मतांचा महासंग्रह करून घेतला. त्या मंडळाचे प्रमुख शेख निजाम बुऱ्हाणपूरचे होते. खुद्द औरंगजेबाची कबर खुलताबादला आहे. एका राज्यात दोन मजहब शेकडो वर्षे नांदले, आणि शाफई इमामामागे हनफी माणूस नमाज पढत आला.

शिवारातला हिशेब

ईश्वरविचार आचारधर्मात कसा उतरतो, हे शेतीच्या जकातीत (धर्माने अनिवार्य केलेल्या दानात), म्हणजे ‘उश्र’मध्ये, सगळ्यात स्पष्ट दिसते. उदाहरणादाखल वडीगोद्री घेऊ. हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले गाव. जालना-अंबडकडून येणारा रस्ता इथे सोलापूर-धुळे महामार्गाला मिळतो. दक्षिणेला शहागडजवळून गोदावरी वाहते. पैठणच्या जायकवाडी धरणाचा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा याच मुलखातून परभणीकडे जातो. कापूस, तूर, सोयाबीन, ऊस आणि मोसंबी ही इथली पिके. कोरडवाहू, विहिरीची आणि कालव्याची अशा तिन्ही प्रकारची शेती या पट्ट्यात आहे.

उश्रचा मूळ नियम हदिशीतून येतो. पावसावर किंवा आपोआप वाहणाऱ्या पाण्यावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा गरजूंसाठी काढायचा. जनावर जुंपून पाणी ओढावे लागले तर विसावा. अरबस्तानात पाणी ओढणारा उंट होता, इथे मोटेचे बैल होते. पुढे मोटेच्या जागी इंजिन आले, मग विजेचा पंप. कियासाने तिन्ही एकाच रांगेत बसतात, कारण तिन्हींत शेतकऱ्याचा घाम किंवा पैसा खर्च होतो. पिकाचा खरा मालक रज्जाक आहे, म्हणून हिस्सा काढायचा. माणसाचे कष्टही हिशेबात धरायचे, म्हणून तो निम्मा करायचा. चाळीस क्विंटल कापूस झाला तर कोरडवाहू शेतकऱ्याने चार क्विंटल काढायचा आणि पंप चालवणाऱ्याने दोन.

इथपर्यंत सारे सरळ आहे. त्यापुढचा प्रत्येक तपशील मात्र मानवी विचाराने ठरला आहे. अबू हनीफांच्या मते पीक थोडे असो वा फार, टिकणारे असो वा नासणारे, जमिनीतून मुद्दाम घेतलेल्या उत्पन्नावर उश्र आहे. म्हणजे मोसंबीवरही आहे आणि वांग्यावरही. त्यांच्या दोन शिष्यांच्या मते माल टिकणारा हवा आणि तो किमान पाच वसक, म्हणजे 300 साअ, भरायला हवा. पण वसक हे धान्याचे माप. कापूस त्याने मोजायचा कसा? अबू युसुफ म्हणाले, पाच वसक हलक्या धान्याइतकी कापसाची किंमत झाली की उश्र लागेल. मुहम्मद शैबानी म्हणाले, कापूस ज्या मोठ्यात मोठ्या मापाने मोजतात त्याची पाच मापे भरली की लागेल. कापूसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला आज पडणारा प्रश्न बाराशे वर्षांपूर्वी इराकात असा चर्चिला गेला, आणि गुरू-शिष्यांची उत्तरे तीन झाली.

अर्धे पीक पावसावर आणि उरलेल्याला दोन-चार पाणी द्यावे लागले तर? जे पाणी अधिक, त्याचा नियम. कालव्याची पाणीपट्टी भरावी लागत असेल तर? खर्च आला म्हणून विसावा, असे अनेक मुफ्ती सांगतात. बटईने केलेल्या शेताचा उश्र कोणी द्यायचा? अबू हनीफांच्या मते जमीनमालकाने, शिष्यांच्या मते दोघांनी आपापल्या वाट्याचा. नांगरणी-खुरपणीची मजुरी वजा करायची का? हनफी ग्रंथ ‘नाही’ म्हणतात. खते-औषधांसाठी काढलेल्या कर्जाच्या बाबतीत काही समकालीन विद्वान सवलत देतात. भारतातली जमीन मुळात उश्री मानायची की नाही, यावरही इथल्या उलेमांत दीर्घ चर्चा झाली आहे. दहावा हिस्सा ही आज्ञा झाली, बाकी सगळा हिशेब माणसांनी घातलेला.

पाणी, सावली, ताट

हीच रीत नमाजात दिसते. नमाजाआधी वुजू हवी. हनफी मताने तिची चार अंगे अनिवार्य आहेत : चेहरा धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, डोक्याच्या चौथ्या भागावर ओला हात फिरवणे आणि घोट्यांपर्यंत पाय धुणे. शाफई यांत मनातला संकल्प आणि क्रम हेही जोडतात. वाहत्या नदीकाठीही वुजूचे पाणी वाया घालवू नये, ही शिकवण सर्वमान्य आहे. 1972 चा दुष्काळ आणि 2012–13 चा कोरडा उन्हाळा पाहिलेल्या मराठवाड्यात ती फार ओळखीची वाटते. पाणी नसेल किंवा आजारात ते अपायकारक असेल तर ‘तयम्मुम’ आहे. स्वच्छ मातीवर तळवे टेकवायचे, झटकायचे आणि चेहऱ्यावरून फिरवायचे. पुन्हा टेकवून कोपरांपर्यंत हातांवरून फिरवायचे. पाणी जवळ आहे पण ते माणसांना किंवा जनावरांना प्यायला लागणार आहे, अशा वेळीही तयम्मुमची मुभा आहे. गोठ्यातल्या बैलाची तहान वुजूच्या आधी येते. दयाळू म्हणून ज्याला पुकारायचे त्याच्या उपासनेचा नियम असा असणे सुसंगतच आहे.

असरच्या, म्हणजे दुपार उलटल्यानंतरच्या, नमाजाची वेळ सावलीवर ठरते. जमिनीत काठी रोवली, तर भर मध्यान्ही पडणारी सावली सोडून पुढची सावली काठीएवढी झाली की शाफईंची असर सुरू होते. अबू हनीफांच्या मताने ती काठीच्या दुप्पट व्हावी लागते. गुरूचे हे मत त्यांच्या दोन्ही शिष्यांना मान्य नव्हते. तरी मराठवाड्यातल्या हनफी मशिदींत साधारणपणे दुप्पट सावली धरली जाते. सूर्य तोच आणि काठीही तीच, तरी रत्नागिरीची बांग आणि अंबडची बांग वेगवेगळ्या सावलीवर होते.

ताटातही तेच. शाफई कोकणी घरात कोळंबीबद्दल प्रश्नच उठत नाही. हनफींमध्ये खेकडा वर्ज्य आहे आणि कोळंबी मासा आहे की नाही यावर विद्वानांचे एकमत नाही. जनावर कापताना अल्लाहचे नाव घेणे मुद्दाम टाळले तर हनफी मताने ते मांस हराम ठरते. शाफई मताने नाव घेणे सुन्नत, म्हणजे इष्ट, आहे, पण राहून गेले म्हणून मांस हराम होत नाही. जुन्या गावगाड्यात बकरे हलाल करण्याचे काम मुलाण्याकडे असे आणि गावातल्या इतर जातींचे लोकही ते मांस घेत. नियम एका धर्माचा होता, पण त्याभोवती सगळ्या गावाचा व्यवहार चाले.

घरातला कायदा

उपासनेतले मतभेद सहज नांदतात. विवाह आणि तलाकाच्या बाबतीत मात्र आकलनाची चूक एखाद्या बाईचे आयुष्य उधळून टाकते, म्हणून शरीयत आणि फिक्ह यांतला फरक इथे सर्वांत मोलाचा ठरतो.

नवरा बेपत्ता झालेल्या स्त्रीला जुन्या हनफी मतानुसार त्याच्या वयाची माणसे मरेपर्यंत वाट पाहावी लागे, म्हणजे व्यवहारात जन्मभर. मालिकी मजहब चार वर्षांची मुदत सांगतो. थानाभवनचे हनफी विद्वान मौलाना अशरफ अली थानवी यांनी 1930 च्या दशकाच्या आरंभी मालिकी मत स्वीकारण्याची वाट शास्त्राधारे मोकळी केली. 1939 च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात चार वर्षे बेपत्ता असणे हे फारकतीचे कारण म्हणून आले, त्यामागे हा प्रयत्न होता. एका मजहबाच्या उलेमांनी स्त्रीचा कोंडमारा पाहून दुसऱ्या मजहबाचा नियम घेतला आणि त्याने कोणाची तौहीद डागाळली नाही.

एका दमात दिलेल्या तीन तलाकांना फकिहांनीच ‘तलाक-ए-बिद्दत’ म्हटले होते. असा तलाक देणे पाप, पण तो लागू होतो, अशी चारही सुन्नी मजहबांची प्रचलित भूमिका. अहले हदीस तो एकच तलाक धरतात, शिया तो मानतच नाहीत. कुराण मात्र दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ नेमून समेटाचा प्रयत्न करायला सांगते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात पूर्णपीठाने 2002 मध्ये याच पायऱ्यांवर बोट ठेवले. नवऱ्याने तलाक दिल्याचे नुसते म्हणणे पुरेसे नाही, त्याचे कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध झाला पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2017 रोजी 3 विरुद्ध 2 मतांनी एकतर्फी तीन तलाक रद्द ठरवला आणि 2019 मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला.

दोन आक्षेप

या मांडणीवर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला परंपरेचा. प्रत्येकाने आपल्या बुद्धीने अर्थ लावायचे ठरवले तर धर्म सोयीचा होईल. सामान्य माणसाला अरबी येत नाही, हदिशींची पारख नाही, म्हणून एका मजहबाला धरून राहणे म्हणजे ‘तक्लीद’ हीच सुरक्षित वाट. या म्हणण्यात तथ्य आहे. वडीगोद्रीतल्या शेतकऱ्याने उश्रचा शास्त्रार्थ स्वतः करावा अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण तक्लीद ही जाणत्या माणसावरच्या विश्वासाची गोष्ट आहे. त्या जाणत्याला अचूक मानले, की अचूकपणा हा एकट्या अल्लाहचा गुण दुसऱ्याला वाटून दिल्यासारखे होते. राज्यसंस्थेच्या बाबतीतही हीच अडचण येते. मौलाना अबुल आला मौदूदी 1903 मध्ये औरंगाबादला जन्मले. ईश्वराच्या सार्वभौमत्वाचा सिद्धान्त त्यांनी राज्यसंस्थेपर्यंत नेला. पण ईश्वरी सत्ता राबवणार माणसेच, आणि त्यांचे आकलन चुकू शकते, हा पेच त्या सिद्धान्ताने सुटत नाही.

दुसरा आक्षेप सुधारकांचा. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. स्त्रीचा हक्क धर्मग्रंथाच्या अर्थावर टांगून ठेवू नये, तो नागरिक म्हणून मिळाला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ती आजही तितकीच सबळ आहे, कारण शास्त्रार्थाचा निकाल लागेपर्यंत कोणा बाईने थांबून राहावे असे म्हणता येत नाही. तरीही कायदा बदलल्यावर माणसाचे मन उरतेच, आणि श्रद्धावान मनाला त्याच्याच परंपरेतून वाट दिसावी लागते. ती वाट परंपरेत आहे. गुरूशी असहमत होणाऱ्या शिष्यांनी, प्रदेश बदलल्यावर मत बदलणाऱ्या शाफईंनी आणि दुसऱ्या मजहबाचा नियम घेणाऱ्या थानवींनी ती वहिवाटीत ठेवली आहे.

फतवा लिहून झाला की मुफ्ती सहीपूर्वी ‘वल्लाहु आलम’ हे शब्द लिहितो. खरे काय ते अल्लाहच जाणे, असा त्यांचा अर्थ. प्रश्न कापसाच्या उश्रचा असो, असरच्या सावलीचा असो वा तलाकाचा, हा रिवाज चुकत नाही. मुफ्तीने दिलेले उत्तर त्याच्या समजुतीपुरते आहे, हे त्या दोन शब्दांत तो स्वतःच नोंदवून ठेवतो.